जनगणना कायदा आणि उत्तरदात्याची गोपनीयता : सिंधुदुर्गाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

जनगणना हा राष्ट्रीय नियोजनाचा पाया मानला जातो. त्यासाठी शासन नागरिकाच्या उंबरठ्यावर येते आणि जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम ८ नुसार विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक असते. या सक्तीच्या बदल्यात कायदा गोपनीयतेची हमी देतो. ही हमी कितपत पुरेशी आहे, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कायद्यातील तरतुदी

कलम १५ नुसार जनगणनेचे अभिलेख पाहण्याचा हक्क कोणासही नाही. त्यांतील नोंदी, जनगणनाविषयक गुन्ह्यांचे खटले वगळता, न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य नाहीत. स्त्रीने पतीचे अथवा रूढीने निषिद्ध मानलेले नाव सांगण्याची सक्ती नाही, ही कलम ८ मधील तरतूदही उल्लेखनीय आहे. येथे स्त्रीच्या संकोचाला मान मिळाला. तिने दिलेल्या माहितीवरील तिच्या अधिकाराचा विचार मात्र झाला नाही. कलम ११ अन्वये माहिती उघड करणारा कर्मचारी शिक्षेस पात्र ठरतो, पण शासनाची पूर्वमंजुरी नसेल तरच. ही मंजुरी कोणत्या कारणासाठी द्यावी, याचा निकष त्या कलमात नाही. म्हणजेच कायदा त्रयस्थापासून संरक्षण देतो, शासनापासून नाही.

सिंधुदुर्गाचा अनुभव

सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. मुंबईस्थित चाकरमान्यांची बंद घरे आणि विखुरलेल्या वाड्या असलेल्या या जिल्ह्यात लहान गावाच्या तक्त्यातील एखाद्या वर्गात एकच व्यक्ती असू शकते. नाव छापले नसले तरी गावाला ती व्यक्ती ओळखू येते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर महाराष्ट्रासह देशाच्या किनारपट्टीवरील ३,००० हून अधिक गावांत राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीसाठी छायाचित्रे व बोटांचे ठसे घेण्याचे काम हाती घेण्यात आले. २०१० मध्ये जनगणनेच्या घरयादीबरोबरच या नोंदवहीची माहितीही देशभर गोळा झाली. ही नोंदवही नागरिकत्व कायद्याखालील २००३ च्या नियमांवर आधारलेली असल्याने कलम १५ चे संरक्षण तिला लागू नाही. प्रगणक एकच, दार एकच, कायदे मात्र दोन. कोणते उत्तर गुप्त राहील व कोणते नाही, हे मालवणच्या मच्छीमाराने कसे ओळखावे?

समारोप

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२७ ची जनगणना डिजिटल असून तीत जातीची नोंदही योजली आहे. अशा वेळी १९४८ चा कायदा अपुरा ठरतो. पूर्वमंजुरीचे निकष कायद्यात नमूद करणे, जनगणना व नोंदवही यांची कामे पूर्णतः वेगळी ठेवणे आणि लहान गावांच्या तक्त्यांतील ओळख पटवणारे आकडे रोखणे आवश्यक आहे. उत्तरदात्याचा विश्वास उडाला, तर उत्तरे मिळतील. सत्य मिळणार नाही.