दोनशे सातवी रात्र

आपण स्वप्नात आहोत हे स्वप्न चालू असतानाच कळणे, याला इंग्रजीत ल्युसिड ड्रीम म्हणतात. मी त्याला सजाग स्वप्न म्हणतो. ते साधण्याची युक्ती सांगणारी पुस्तके आज पुष्कळ आहेत. त्या साऱ्यांचा एक पूर्वज १८६७ साली पॅरिसमध्ये लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाला. लेखक होते एर्वे द सँ-दनी : चिनी भाषेचे अभ्यासक, तांगकालीन कवितांचे फ्रेंच अनुवादक आणि पुढे कोलेज द फ्रान्समधले प्राध्यापक. ग्रंथनामाचा अर्थ, ‘स्वप्ने आणि ती वळवण्याचे मार्ग’. फ्रॉइडने या ग्रंथाचा उल्लेख केला, पण खटपट करूनही त्याला तो मिळाला नाही. मी तो १९८२च्या संक्षिप्त इंग्रजी अनुवादातून वाचला. पुढील मते त्या आधारावरची आहेत.

माझे म्हणणे असे की, हे नावच वाचकाची दिशाभूल करते. वाचक ‘वळवण्या’च्या ओढीने येतो, ग्रंथाचे खरे बळ मात्र नोंदीत आहे. सँ-दनींनी तेराव्या वर्षी स्वप्ने लिहायला आणि चितारायला सुरुवात केली. बावीस वह्या भरल्या, १९४६ रात्रींच्या. पहिले सजाग स्वप्न पडले ते २०७व्या रात्री. म्हणजे आधीच्या २०६ रात्री केवळ आठवण्याची मशागत चालली होती. त्यांची उपपत्तीही साधी आहे : दिवसा ज्याचा सतत विचार होतो तो विचार झोपेतही येतो, स्वप्नांचाच विचार केला, तर ‘हे स्वप्न आहे’ हा विचारही येणारच. माझ्या लेखी २०७ हा या ग्रंथातला सर्वांत प्रामाणिक आकडा आहे.

दुसरे बळ प्रयोगांचे. विवारे या डोंगराळ प्रदेशात ते पंधरा दिवस राहिले. तेथे असेतो एक नवे अत्तर रोज वापरले आणि परतल्यावर कुपी बंद केली. काही महिन्यांनी नोकराला सांगितले, कधीतरी एका रात्री, मला न कळवता, उशीवर थेंब टाक. त्या रात्री स्वप्नात विवारेचे डोंगर आले. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे आपण म्हणतोच. येथे मनात काय वसवायचे हे आधी ठरवले गेले, आणि कोणत्या रात्री हे झोपणाऱ्यापासून लपवले गेले. दीडशे वर्षांपूर्वीच्या एकट्या अभ्यासकाची ही दक्षता थोडी नव्हे.

दोष मात्र ठळक आहे. आठवण सुधारत गेली तशी स्वप्नाविना रात्र उरली नाही, यावरून ते ठरवतात की स्वप्नाविना झोपच नसते. ही उडी मला मान्य नाही. एका माणसाची सवय म्हणजे मनुष्यमात्राचा नियम नव्हे. शिवाय साक्षीदार एकटाच, तो स्वतः.

दुसरा साक्षीदार मिळाला १९७५मध्ये, इंग्लंडमधील हल विद्यापीठात. ज्या झोपेत ठळक स्वप्ने पडतात तिच्यात शरीराचे स्नायू शिथिल असतात, पण डोळे हलत असतात. कीथ हर्न यांनी एका सराईत स्वप्नकाराशी आधीच ठरवले : स्वप्नाचे भान येताच डोळे ठरावीक वेळा डावीउजवीकडे फिरवायचे. यंत्रावर ती खूण उमटली. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही हे स्वतंत्रपणे दाखवले. सजाग स्वप्न असते, एवढे सिद्ध झाले. ते कुणालाही चार रात्रींत साधते, हे नव्हे.

आजची पुस्तके वहीचे काम एका परिच्छेदात उरकतात आणि पहाटे गजर लावून उठण्याच्या युक्त्यांना प्रकरणे देतात. ज्यांची झोप आधीच तुटक आहे, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. वही मात्र कुणालाही ठेवता येते. जाग आल्यावर कूस न बदलता पडून राहावे, शेवटचे दृश्य धरून मागे मागे जावे, आणि उठण्याआधी जे हाती लागेल ते तारखेसह लिहावे. काहीच आठवले नाही, तर तेही लिहावे.