ठाण्याचा काझी आणि इंजीलमधील क्षमा

मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चवरून आम्ही आयुष्यभर ये-जा केली. पण याच ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन फकीर मारले गेले, आणि तेही आपल्याच काझीच्या आग्रहावरून, हे आम्हांस फार उशिरा कळले. त्यानंतर थोड्याच दिवसांत येथे आलेल्या ओदोरिक या इटालियन प्रवाशाने ती हकिकत लिहून ठेवली आहे. हेन्री यूलने 1866 मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मुस्लिम वाचकाने ती टाळू नये.

सुरुवात अगदी घरगुती आहे. थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमित्रियस ज्या ख्रिस्ती घरी उतरले होते, तेथे नवऱ्याने बायकोला मारले. ती दाद मागायला काझीकडे गेली. साक्षीदार म्हणून पाहुण्यांचा उल्लेख निघाला आणि न्याय बाजूला राहून धर्मचर्चा सुरू झाली. (मार खाल्लेल्या त्या बाईचे पुढे काय झाले, हे सांगण्याची गरज ओदोरिकला वाटलेली नाही.) प्रेषितांविषयी (स.) विचारताच उत्तर अपमानाचे आले. मग भर उन्हात उभे करणे, मग आग. आगीतून जेम्स सहीसलामत निघाला असे ओदोरिक सांगतो. मलिकने त्यांना गाव सोडून जायला सांगितले. पण काझीने त्याला पुन्हा भरीस घातले आणि रात्री हत्यारबंद माणसे पाठवली गेली.

ओदोरिक मात्र येथे थांबत नाही. दिल्लीच्या सुलतानाने मलिकला पकडून सहकुटुंब ठार केले, काझी पळाला, हेही तो सांगतो. हे कितपत घडले, हा प्रश्न इतिहासकारांचा. आमची हरकत वाङ्मयीन आहे. मलिकच्या घरच्यांचा गुन्हा कोणता? लेखकाला त्यांच्याबद्दल हळहळ नाही, उलट हिशेब चुकता झाल्याचे समाधान आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (2010) हाताशी घेऊन आम्ही ही हकिकत पुन्हा वाचली. लूकच्या शुभवर्तमानात शोमरोन्यांचे एक गाव हजरत ईसांना (अ.) थारा देत नाही. याकोब आणि योहान त्या गावावर आकाशातून आग पाडू पाहतात. ईसा दटावतात ते शिष्यांनाच, आणि मंडळी दुसऱ्या गावाची वाट धरते. ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये स्तेफन दगडांखाली मरताना मारणाऱ्यांसाठी माफी मागतो. त्या दगडफेक्यांना पुढे शिक्षा झाल्याचे लेखक सांगत नाही. उलट त्यांचे कपडे सांभाळणारा शौल नावाचा तरुण पुढे पौल होतो. स्तेफनची कथा शत्रूला परतायला जागा ठेवते. ओदोरिक, स्वतः फ्रान्सिस्कन असून, ती जागा बुजवून टाकतो.

पण हे म्हणून हात झटकणे आम्हांस शोभणार नाही. ताईफची हकिकत मिलादच्या बयानांतून आपण लहानपणापासून ऐकतो. दगडांनी रक्तबंबाळ झालेल्या प्रेषितांपुढे (स.) पर्वतांचा फरिश्ता हात जोडून उभा आहे, हुकूम झाला तर वस्ती चिरडायला तयार आहे, आणि हुकूम होत नाही, कारण यांच्या पोटी अल्लाहला मानणारी पिढी निघेल अशी आशा आहे. शोमरोन्यांचे गाव आणि ताईफ, दोन्हीकडे वस्ती वाचते. ‘अल-माइदा’ सूरेत किसासची मुभा आहे, पण ती सोडणाऱ्यासाठी तेथेच कफ्फाराही सांगितला आहे. ठाण्याच्या काझीला हे सारे पाठ असणार. शिवाय ताईफमध्ये दगड होते. येथे फक्त शब्द होते.

ओदोरिकने पुढे त्या फकिरांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. रात्री हत्यारे घेऊन गेलेल्या ठाण्याच्या माणसांची नावे मात्र त्याच्या वर्णनात नाहीत.