‘तीनशे रामायणे’ : वगळलेल्या निबंधाचे वाचन

धार्मिक आक्षेपांमुळे अभ्यासक्रमातून मजकूर काढणे योग्य की अयोग्य, यावर मत देण्याआधी तो मजकूर वाचायला हवा. त्यासाठी ए. के. रामानुजन यांचा ‘तीनशे रामायणे’ हा निबंध घेऊ. तो दिल्ली विद्यापीठाच्या बी. ए. इतिहासाच्या वाचनसूचीत होता. 2008 मध्ये त्यावरून इतिहास विभागात तोडफोड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पुढे चार तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिघांनी निबंध ठेवावा असे म्हटले, एकाने विरोध केला. तरीही ऑक्टोबर 2011 मध्ये विद्वत्परिषदेने तो वगळला.

निबंध काय सांगतो? वाल्मीकी, कंबन, जैन परंपरा, कन्नड लोकगीत आणि थायलंडचे रामकियन अशी पाच उदाहरणे तो शेजारी ठेवतो. शीर्षकातला आकडा फादर कामिल बुल्के यांच्या गणतीतून आला आहे. रामानुजन यांचे म्हणणे असे की, ही एका मूळ ग्रंथाची बिघडलेली रूपे नाहीत. प्रत्येक कथन आपल्या जागी पूर्ण आहे.

आता आक्षेप पाहू. अहल्या आणि इंद्र यांच्या प्रसंगावर बराच राग होता. पण तो प्रसंग वाल्मीकींच्या बालकांडातच आहे. तिथे अहल्या शिळा होत नाही. ती अदृश्य होऊन राखेत पडून तप करते. शिळा होते ती कंबनच्या तमिळ काव्यात. म्हणजे आपण ‘मूळ कथा’ समजतो तिच्यातही अनेक कथने मिसळलेली असतात. निबंधाचा मुद्दा इथेच सिद्ध होतो.

आक्षेप घेणाऱ्यांची वेदना खोटी मानू नका. मी अभियांत्रिकी शिकवतो. एकाच पुलाचे तीन आराखडे फळ्यावर शेजारी काढले, तर कोणी दुखावत नाही. पूल कोणाचे दैवत नसतो. राम अनेकांचे दैवत आहे. म्हणून ही तुलना अधिक जपून, संदर्भ देऊन शिकवावी लागते. पण जपून शिकवणे वेगळे आणि न शिकवणे वेगळे.

विरोधी मताचा एक भाग थेट तुमच्याविषयी होता: पदवीच्या विद्यार्थ्यांना हे पेलणार नाही. अठरा वर्षांच्या मतदाराला सरकार निवडता येते, पण दोन रामकथांची तुलना झेपत नाही, हे मला पटत नाही. शिवाय, एकदा गोंधळामुळे पान गळले की पुढचे पान शिक्षक स्वतःच गाळतो. ते नुकसान कोणत्याही ठरावात नोंदले जात नाही.

स्वाध्याय : बालकांडातील अहल्येची कथा आणि तुमच्या भाषेतील रामायणातील (मराठीत एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’) तीच कथा वाचा. दोन फरक लिहा आणि प्रत्येकाचे संभाव्य कारण सांगा.