अँटिग्वाच्या छायाचित्रांची उलटतपासणी

छायाचित्र म्हणजे पुरावा, असे आपण सहज म्हणतो. परंतु न्यायालयात पुरावा नुसता दाखल करून भागत नाही. तो कोणी दिला, कोणासाठी दिला आणि त्यातून काय वगळले, हे विचारावेच लागते. ग्वाटेमाला देशातील अँटिग्वा या जुन्या स्पॅनिश राजधानीची जी छायाचित्रे आज जगभर पसरली आहेत, त्यांची अशी तपासणी क्वचितच होते.

प्रवाशाने काढलेले चित्र बहुधा एकच असते : सांता कातालिनाची पिवळी कमान, खाली दगडी रस्ता आणि कमानीच्या पोटात नेमका बसविलेला आग्वा पर्वत. रचना निर्दोष आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु १६९४ साली ही कमान बांधली गेली ती मठातील संन्यासिनींना लोकांच्या दृष्टीस न पडता रस्त्याच्या पलीकडे जाता यावे म्हणून. दृष्टीआड राहण्यासाठी उभारलेली वास्तू आज शहरात सर्वांत अधिक पाहिली जाते, आणि तिचे प्रयोजन मात्र चित्रात कोठेच उमटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे चित्र घेताना कॅमेऱ्याचे तोंड दक्षिणेकडे असते. तिकडचा आग्वा सुमारे ३,७६० मीटर उंच आहे. त्याचा स्फोट झाल्याची इतिहासकाळात नोंद नाही. १५४१ साली त्याच्या उतारावरून पाणी व चिखल यांचा लोंढा आला आणि पायथ्याची तेव्हाची राजधानी गाडली गेली. त्यानंतर आजच्या जागी शहर वसले. खरा जागा पर्वत फ्वेगो. तो नैर्ऋत्येला, म्हणजे चौकटीबाहेर राहतो. ३ जून २०१८ रोजी त्याच्या तप्त राखेच्या लोटाखाली सान मिगेल लोस लोतेस हे गाव गाडले गेले. मृत व बेपत्ता मिळून शेकडो माणसे गेली. शेजारच्या आकातेनांगोवर रात्री चढून प्रवासी त्याच फ्वेगोच्या ज्वाळा टिपतात. त्या चित्रांत ज्वाळा असतात, पण उतारावरची शेते व घरे अंधारात बुडालेली असतात.

भग्न मंदिरांच्या चित्रांखाली ज्वालामुखीचे नाव लिहिण्याची प्रथाही सदोष आहे. शहर पडले ते २९ जुलै १७७३ च्या भूकंपाने. त्यानंतर राजाज्ञेने राजधानी दुसऱ्या खोऱ्यात, आजच्या ग्वाटेमाला शहराच्या जागी, हलविली गेली. आपल्या वाचकांना जुने गोवे ठाऊक आहे. तेथे रोगराईने जे केले, ते येथे धरणीकंपाने केले. परंतु येथील काही रहिवासी आज्ञा झाल्यावरही हलले नाहीत, आणि म्हणूनच अँटिग्वा आज केवळ अवशेष नसून नांदते गाव आहे.

एडवर्ड मायब्रिज १८७५ साली येथे आला. पत्नीच्या प्रियकराच्या खुनाच्या आरोपातून ज्यूरीने त्याची त्याच वर्षी मुक्तता केली होती. एका आगबोट कंपनीला प्रवासी व व्यापार वाढविण्यासाठी त्याची चित्रे हवी होती. छपरे गेलेली मंदिरे त्याने ज्या संयमाने टिपली, तो आजच्या रंगीत चित्रांत दुर्मीळ आहे. पण हा साक्षीदार निरपेक्ष नव्हे. त्या काळच्या काचांवर आकाश कोरे उमटे, म्हणून दुसऱ्या काचेवरचे ढग आणून जोडण्याची त्याला सवय होती. कॉफीच्या मळ्यांतील कामकऱ्यांची चित्रेही त्याने घेतली. ती व्यवस्थित आणि प्रसन्न दिसतात. दोनच वर्षांनी, १८७७ साली, बारियोस यांच्या राजवटीने मळ्यांवरील मजुरीचा जो कायदा केला, त्याने मूळ रहिवाशांना वेठीला जुंपले. ती सक्ती या चित्रांच्या परिघात येत नाही.

याच्या शेजारी मी हुआन होसे दे हेसूस यास यांचे काम ठेवीन. मूळचे जपानी, कोहेइ यासू नावाचे हे गृहस्थ ग्वाटेमालात स्थायिक झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी अँटिग्वात चित्रशाळा चालविली. पाद्री, कुटुंबे, गावची माणसे त्यांच्यासमोर स्वेच्छेने बसली. त्या चित्रशाळेच्या काचा अँटिग्वातील एका संशोधन-संस्थेत आजही जतन केलेल्या आहेत. त्यांच्या कामात पर्वताचे वैभव थोडे आणि शहर पुष्कळ आहे. प्रवासी जे शोधीत येतो, ते कायम राहणाऱ्याला सहज हाती लागते.

कोणी म्हणेल, एका चित्राने सारे सांगावे अशी अपेक्षा कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु लाखो प्रवासी एकच चित्र काढतात तेव्हा ते एका व्यक्तीचे मत राहत नाही; ते शहराच्या नावे नोंदलेले बयाण ठरते. ख्रिस्ती पवित्र सप्ताहात अँटिग्वाचे लोक रस्त्यावर रंगीत भुशाचे गालिचे घालतात. पालखीपुढची रांगोळी जाणणाऱ्या आपल्या वाचकांना त्यातील भाव सांगावयास नको. प्रवासी अखंड गालिचा टिपून पुढे जातो. वस्तुतः मिरवणूक त्यावरून गेल्यावरच, पायांखाली रंग विस्कटल्यावरच, त्या गालिच्याचे कार्य पुरे होते. पडून पुन्हा उभे राहिलेल्या या गावाचे खरे चित्र तेथे मिळेल. त्यासाठी कॅमेरा घेऊन थोडे अधिक थांबावे लागेल, इतकेच.