जाळीपलीकडचं लेबल

आपल्याकडच्या वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं खपतं, हा विनोद आता जुना झाला. पण त्या दुकानाची रचना कशी असते याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुढे लोखंडी जाळी, तिला हात जाईल एवढी खिडकी, आणि सहा फूट मागे फळ्यांवर ओळीने बाटल्या. पुस्तकाच्या दुकानात पुस्तक उचलून मागचं पान वाचता येतं. इथे बाटली हातात येते ती पैसे दिल्यावर, आणि तीही बहुतेकदा काळ्या पिशवीतून. तोवर गिऱ्हाइकाने नाव पुकारायचं असतं. नाव माहीत नसेल तर आतून प्रश्न येतो, "कितीपर्यंत दाखवू?"

हा प्रश्नच आपल्या पिण्याच्या संस्कृतीतली पहिली आणि बहुधा शेवटची समीक्षा आहे. बाटलीची पारख किमतीने. लेबलावरचा मजकूर वाचायचा असतो हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही, आणि जाळीने ते करूही दिलेलं नाही.

उचगावचं उदाहरण घेऊ. कोल्हापूर शहराला चिकटलेलं, पुणे-बंगळूर महामार्गावरचं गाव. शेजारी गांधीनगरची कापडाची घाऊक पेठ, एका बाजूला शिरोली आणि दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगावची एमआयडीसी. गाव म्हणावं तर गाव उरलेलं नाही, शहर म्हणावं तर महापालिका नाही. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री थांबली, तेव्हा अशा गावांना 'हद्द' या शब्दाची किंमत नव्याने कळली होती. इथल्या शिफ्ट करणाऱ्या पोरांनी वेब सिरीजमध्ये बर्बन पाहिलेली असते. जाड बुडाचा ग्लास, तांबूस रंग, एकच मोठा बर्फाचा तुकडा. मग पगाराच्या आठवड्यात कुणीतरी जाळीतून विचारतो, "बर्बन आहे का, परवडणारी?" बहुतेक वेळा उत्तरादाखल जिम बीम किंवा जॅक डॅनियल्स पुढे सरकते. ती परवडणारी आहे की नाही, हे ठरवायला लेबल वाचता यायला हवं.

बर्बन म्हणजे मक्याची दारू. एवढं साधं वाक्य आपल्याकडे ऐकू येत नाही, कारण मका म्हटलं की आपल्याला कणीस आणि कोंबडीखाद्य आठवतं. अमेरिकी कायद्यानुसार बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो. ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. पिंपात भरताना मद्यार्काचं प्रमाण ६२.५ टक्क्यांच्या वर असता कामा नये. वरून रंग किंवा चव घालायला बंदी. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बनला त्या देशाचं खास उत्पादन म्हटलं, म्हणजे दुसऱ्या देशात कुणी हुबेहूब तशीच बनवली तरी तिला अमेरिकेत बर्बन म्हणून विकता येणार नाही. 'राय' व्हिस्कीचे नियम जवळपास हेच, फक्त ५१ टक्के धान्य राय.

खरा माल मात्र पुढच्या शब्दांत आहे. लेबलावर 'स्ट्रेट' असेल तर दारू किमान दोन वर्षं पिंपात होती. आणि तिचं वय चार वर्षांपेक्षा कमी असेल तर ते लेबलावर छापावं लागतं. म्हणजे 'स्ट्रेट बर्बन' लिहिलंय आणि वयाचा आकडा कुठेच नाही, तर ती कमीत कमी चार वर्षांची आहे. न लिहिलेल्या आकड्यातून वय कळतं, असा मजकूर मराठी समीक्षकांच्या हाती क्वचितच लागतो. 'बॉटल्ड इन बाँड' हे शब्द १८९७ च्या कायद्यातून आले. तेव्हा अमेरिकेत व्हिस्की म्हणून रंगवलेला, भेसळीचा स्पिरिट सर्रास विकला जाई. त्यावर उतारा म्हणून हे शब्द कायद्यात बांधले गेले: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात चार वर्षं मुरलेली, बरोबर ५० टक्के मद्यार्काची.

उलट 'स्मॉल बॅच' या दोन शब्दांना कायद्यात व्याख्याच नाही. बॅच किती लहान, हे कंपनी ठरवते. पण दुकानात किंमत वाढते ती याच शब्दांनी.

आता एक सापळा. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कींवर ४२.८ टक्के असा चमत्कारिक आकडा असतो. तो ब्रिटिशांच्या प्रूफ मोजणीतून आलाय. त्या मोजणीत ७५ प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के. अमेरिकी मोजणीत मात्र टक्क्यांची नुसती दुप्पट करतात, म्हणून ४० टक्क्यांची बर्बन '८० प्रूफ' होते. आकडा मोठा, दारू सौम्य. '८० प्रूफ' वाचून "हार्ड माल आहे" म्हणणाऱ्या मित्राला हे सांगायला हरकत नाही.

किमतीकडे येऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं. पंतप्रधानांच्या अमेरिका भेटीच्या सुमारास ही बातमी फिरली आणि 'पन्नास टक्के कपात' ऐकून अनेकांनी बाटली अर्ध्या किमतीत येईल असं धरलं. हिशेब करून बघा. १०० रुपयांना बंदरात आलेली बाटली पूर्वी शुल्कासह २५० ची होत होती, आता २०० ची. म्हणजे त्या टप्प्यावर पाचवा हिस्सा उतरला. त्यानंतर राज्याचं उत्पादन शुल्क, वितरक, दुकानदार आणि व्हॅट आहेतच. ही सगळी साखळी बर्बनचा दर्जा ठरवत नाही, पण आपण दर्जा मोजतो तो याच आकड्याने. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, तेव्हा बाटलीतली स्कॉच बदलली नव्हती. तिच्याबद्दलचा आदर मात्र बऱ्याच लोकांचा त्याच आठवड्यात कमी झाला असणार.

"शहरात कुठल्या दुकानात स्वस्त मिळेल?" या प्रश्नाला अमेरिकेत अर्थ आहे. तिथे दुकानागणिक भाव बदलतो, त्यामुळे चांगल्या भावाची बाटली हुडकणं हा छंद होऊ शकतो. आपल्याकडे बाटलीवर एमआरपी छापलेली असते. उचगाव, शाहूपुरी, राजारामपुरी, कुठेही जा. दोन दुकानांत फरक दिसलाच तर तो बहुधा मालाच्या तारखेचा. आयात बाटलीवर आयातदाराचं नाव, महिना-वर्ष आणि किंमत असलेली चिकटपट्टी असते. शुल्क बदलण्याआधीचा साठा जुन्या किमतीने पडून असू शकतो. बाटली वळवून तेवढी पट्टी दाखवायला सांगा. जाळीतूनही ती वाचता येते, मोबाईलचा कॅमेरा झूम करून तर नक्कीच.

आणि हो, परवाना. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला कायद्याने परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा ५ रुपयांत मिळतो. हार्ड दारूसाठी वय २५ पूर्ण हवं. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत हा लेख अजून काही वर्षं नुसता वाचनापुरताच आहे.

एवढं अमेरिकी लेबलाचं कौतुक करून आपल्या लेबलाकडे वळलं की भाषेचीच गंमत सुरू होते. 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' हा सरकारी शब्दप्रयोग घ्या. विदेशी आहे, पण इथलं आहे. यात विदेशी काय, तर नाव. देशातली बरीचशी स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात थोडं माल्ट स्पिरिट, रंग आणि चव मिसळून बनत आली आहे. युरोपीय संघात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण तिथे व्हिस्की धान्याचीच आणि किमान तीन वर्षं मुरलेली लागते. पंचगंगेच्या काठाने साखर कारखान्यांची धुरांडी बघत वाढलेल्या माणसाला यात लाज वाटायचं कारण नाही. मळीपासून दारू काढणं ही आपली परंपरा आहे, वेस्ट इंडिजमध्ये तिलाच रम म्हणून मान मिळतो. खटकतं ते तिच्यावर चढवलेलं स्कॉटिश किल्ल्याचं चित्र, आणि 'रिझर्व्ह', 'डिलक्स', 'प्रीमियम' हे शब्द. त्यांतल्या एकालाही वर्षांचं बंधन नाही. त्यापेक्षा देशी दारूचं लेबल प्रामाणिक. त्यावर संत्र्याचं चित्र असतं आणि आत संत्रा नाही हे पिणाऱ्याला ठाऊक असतं.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या शब्दांची नवी उतरंड लावली. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या प्रकाराला १४८, भारतीय बनावटीच्या विदेशीला २०५ आणि प्रीमियम विदेशीला ३६०. नवा प्रकार धान्यापासून बनवलेला, राज्यातल्याच उत्पादकांचा. इथे जुनी आठवण हवी. २००७ च्या सुमारास धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना राज्याने अनुदान देऊ केलं, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला होता. ज्वारी-बाजरी खायची की प्यायची, हा त्या वादाचा गाभा होता. आज धान्य हा शब्द दर्जाची खूण म्हणून परत आलाय. पण बर्बनच्या कायद्यात धान्यापाठोपाठ पिंप येतं, मग वर्षं येतात. नव्या प्रकाराच्या बातम्यांत गाजलं ते धान्य आणि किंमत. मुरवण्याबद्दल पिणाऱ्यांपैकीही कुणी विचारलं नाही, आणि ही तक्रार मला सरकारपेक्षा पिणाऱ्यांबद्दल जास्त आहे.

मधला मार्ग शोधणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये ओकस्मिथ आली. जपानी कंपनीची, जपानी ब्लेंडरने जुळवलेली, स्कॉच माल्ट आणि अमेरिकी बर्बन यांना भारतीय स्पिरिटची जोड. पिण्यात वाईट नाही. मात्र लेबलावर 'बर्बन' शब्द दिसला म्हणून ती बर्बन होत नाही. भाजीत खोबरं घातलं म्हणून तिला कोणी सोलकढी म्हणत नाही.

स्वस्ताईचा तिसरा रस्ता कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही. तो घाटातून गोव्याला जातो. 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतली कायमची चौकट आहे. बाटली तीच, कंपनी तीच, फरक राज्याच्या शुल्काचा आणि 'फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी' या एका ओळीचा. अख्ख्या लेबलातली ही एकच ओळ आपल्याकडे कुणीतरी मन लावून वाचतं, ते म्हणजे चेकनाक्यावरचे उत्पादन शुल्कवाले.

मग घ्यावं काय? माझं मत असं की आयात बाटल्यांच्या खालच्या पायरीवर, साधारण सारख्या किमतीत, वयाचा आकडा नसलेल्या स्कॉचपेक्षा 'स्ट्रेट बर्बन' उजवी. त्या स्कॉचची हमी तीन वर्षांची, तिच्यात कॅरॅमल रंगाला परवानगी आहे आणि पिंप आधी वापरलेलं चालतं. बर्बनची हमी चार वर्षांची, कोऱ्या पिंपाची, बिनरंगाची. जॅक डॅनियल्स नावापुरती बर्बन नाही. ती स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते आणि मेपलच्या कोळशातून गाळली जाते. त्या गाळण्याने येणारा गुळगुळीतपणा आवडत असेल तर ठीक, नाहीतर जिम बीमचा थोडा राकट, शेंगदाण्यासारखा वास जास्त बोलका आहे. पाणी घाला, कोक नको. कोकच घालायचा असेल तर २०५ वाली क्वार्टर पुरते.

रायचं काय, हा प्रश्न उरतो. फेब्रुवारीची सवलत फक्त बर्बनला मिळाली, रायवर शुल्क पूर्वीइतकंच राहिलं. म्हणजे आधीच दुर्मिळ असलेली गोष्ट तुलनेने आणखी महाग. राय हे थंड प्रदेशातलं, गव्हाच्या नात्यातलं धान्य. चवीला मिरीसारखी झणझणीत, त्यामुळे कोल्हापूरच्या जिभेला ती बर्बनपेक्षा लवकर पटावी असा माझा कयास आहे. बंगळूरच्या अमृतने रायची सिंगल माल्ट काढली आहे, पण तिची किंमत उचगावच्या पगाराच्या आठवड्यात बसणारी नव्हे. तोवर जाळीतून "राय आहे का?" विचारलं, तर शेजारच्या किराणा दुकानाकडे बोट दाखवलं जाण्याची शक्यता जास्त. तिथे राई मिळते, फोडणीची, पन्नास ग्रॅमच्या पुडीत.