संदर्भपद्धती आणि संहितेचे भान

मानव्यविद्यांच्या नियतकालिकासाठी शोधनिबंध सिद्ध करताना संदर्भांचे काम अखेरीस उरकण्याची प्रथा रूढ आहे. संदर्भ म्हणजे समीक्षेबाहेरची कारकुनी, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. संतसाहित्यावरील निबंधात हे गृहीतक टिकत नाही. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने १९८४च्या नियमपुस्तिकेत तळटीपांऐवजी कंसात लेखकनाम व पृष्ठांक देण्याची पद्धत स्वीकारली. आधुनिक कादंबरीला ती सोयीची. तुकारामांच्या अभंगांना नाही. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ साली दोन खंडांत निघालेली गाथा आणि पुढील सांप्रदायिक गाथा यांचे अभंगक्रमांक जुळत नाहीत. पाठही जागोजाग वेगळे. निव्वळ ‘तुकाराम, २१४’ एवढ्यावर वाचकाने कोणती गाथा उघडावी? ज्ञानेश्वरीचेही तसेच. अध्याय व ओवी सांगितली, तरी राजवाडे यांची १९०९ची प्रत की सांप्रदायिक प्रत, हे न कळल्यास ओवी सापडेलच असे नाही. (पाठ एका प्रतीतला आणि क्रमांक दुसरीतला, हा प्रकार तर मुद्रणदोषातही जमा करता येत नाही.) क्रियापदाच्या एखाद्या रूपावर अर्थनिर्णयन उभे असेल, तर ते रूप कोणत्या संपादकाने आणि कशाच्या आधारे स्वीकारले, हा प्रश्न युक्तिवादाचाच भाग ठरतो. म्हणून आधारप्रतीचा निर्देश पहिल्याच अवतरणापाशी, निवडीच्या कारणासह यावा. क्रमांकासोबत अभंगाचा आद्य चरणही द्यावा. त्यामुळे शब्दमर्यादा थोडी ओलांडली जाईल. संपादकांनी ती ओलांडू द्यावी.