ऑर्नेट कोलमन आणि आशा पुथली : दोन गीतांचा विचार

हिंदुस्थानी संगीत आणि जाझ यांच्या परस्परसंबंधाची चर्चा बहुधा सतार, तबला आणि रागांची नावे यांभोवतीच फिरते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात भारतीय वाद्य ऐकू आले, की दोन परंपरांचा संगम झाला असे मानले जाते. ही कसोटी किती अपुरी आहे, हे अमेरिकन सॅक्सोफोनवादक व वृंदप्रमुख ऑर्नेट कोलमन (१९३०–२०१५) यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेतील दोन गीतांवरून स्पष्ट होते.

कोलमन यांची कीर्ती मुख्यतः १९५९ च्या ‘द शेप ऑफ जाझ टु कम’वर उभी आहे. ‘सायन्स फिक्शन’चे मुद्रण १९७१ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी झाले व ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, तथापि पहिल्या कृतीच्या मानाने ती मागेच राहिली. तिच्यातील आठ रचनांपैकी ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’ ही दोन गीते आशा पुथली यांनी गायिली आहेत. त्यांचा जन्म मुंबईचा, आणि हिंदुस्थानी कंठसंगीताचे शिक्षण त्यांनी घेतलेले होते.

या गीतांत सतार नाही, तबला नाही. तान नाही, सरगमही नाही. वरवर ऐकणाऱ्यास भारतीय असे काहीच आढळणार नाही. परंतु गायिकेपुढील अडचण ध्यानात घेतली म्हणजे चित्र पालटते. कोलमन यांच्या या वृंदात पियानो नाही. म्हणजे स्वरसमूहांचा स्थिर आधार नाही. तानपुऱ्याचा षड्जही नाही. सॅक्सोफोन व ट्रम्पेट गीताच्या सोबतीने चालतात खरे, पण आवाजाला टेकू देण्याची जबाबदारी ते स्वीकारीत नाहीत. खाली बिली हिगिन्स व एड ब्लॅकवेल या दोघांचे ड्रमवादन अस्वस्थ, द्रुत गतीने चालू असते. वर गीताची चाल मात्र अतिविलंबित. विलंबित ख्यालात गायक मात्रांना न चिकटता विहरतो, तरी अखेर समेवर येतो. येथे गाठावयाची समच नाही.

अशा निराधार अवस्थेत पुथली यांचा स्वर डळमळत नाही. दीर्घ श्वास, शब्द लांबवूनही स्वरस्थानाची जपणूक आणि भोवतालच्या गतीने विचलित न होणारा ठहराव, हे त्यांच्या गायनाचे विशेष होत. षड्ज अंतर्यामी वागविण्याची सवय येथे अलंकार न राहता आधार बनली आहे.

याचे सर्व श्रेय ख्यालाला देणे मात्र अतिव्याप्तीचे होईल. पुथली यांनी पाश्चात्त्य गायनाचाही अभ्यास केला होता. शिवाय चाल कोलमन यांनी बांधून दिलेली असल्यामुळे ख्यालातील बढतीला येथे वाव मिळालेला नाही, ही उणीवही मान्य केली पाहिजे. तरीही परंपरेचा प्रभाव तिच्या चिन्हांत शोधावा की तिच्या शिस्तीत, या प्रश्नाला ही दोन गीते दुसऱ्या बाजूने उत्तर देतात. संगीतसमीक्षेने आपली कसोटी त्यानुसार तपासून घेणे इष्ट आहे.